वारा पडतो तेवढ्यात

नौशाद परकारची गाडी, दोन सीटांची, जमिनीला चिकटलेली,
हर्णैच्या उतारावरून आली तेव्हा
म्हाकल्या साफ करणाऱ्या बायका कोयते थांबवून बघत राहिल्या.
बॉनेट उघडून तो म्हणाला,
"चोगलेमामा, हिचा दम कोंडतोय."

कोंडणारच. कंपनीचं नाक इंजिनाच्या कुशीत,
स्वतःचीच वाफ पुन्हा हुंगणारं.
तापली हवा विरळ होते, हे मला
ट्रॉलरच्या पोटात बत्तीस वर्षं उभं राहून कळलंय.

आधी तारेचा साचा. शेवंडीच्या पिंजऱ्यातली तार,
बॅटरीला वळसा, रेडिएटरच्या कानामागून,
पुढच्या चाकावर, जिथे मोकळं लागतं.
जितकं खाली तितकं गार, नौशाद म्हणे.
मी त्याला पाजच्या रस्त्यावरची भिंत दाखवली,
उधाणाची रेघ, शेवाळ धरलेली.
इंजिन पाणी प्यायलं की बुडालेल्या माणसासारखंच,
पोट दाबून निघत नाही.
तोंड वीतभर वर घेतलं.

पाईप अ‍ॅल्युमिनियमचा, पावणेतीन इंची,
कोल्हापूरहून एसटीच्या टपावर आला.
पुळणीवरची रेती चाळली, तीन गोड्या पाण्यांनी धुतली
(मीठ राहिलं तर धातूला आतून खातं)
आणि सुगंधेच्या कढईत भाजली, कोरडी होईस्तो.
कढईवरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही.
ठासून भरली. दोन्ही टोकांना आंब्याचे गुटके.
अंगावर साबणाची वडी घासली, खालून ज्योत.
साबण काळा पडला की थांबायचं.
त्यापुढे दोन श्वास, आणि पाईप हातात राहत नाही.
वाकला. चेपला नाही. रेतीने आतून धरून ठेवला.

पण सांधे.
टिगच्या ठिणगीभोवती आर्गॉनचं पांघरूण असतं,
डोळ्याला न दिसणारं, आणि बंदराच्या गावात
वारा ते ओढून नेतो.
मग सांधा काळा, भोकाभोकाचा, शिळ्या पावासारखा.
ताडपत्री लावून पाहिली, जुनं शीड लावून पाहिलं.
दिवसभर खारा, रात्रभर मतलई.
मार्गशीर्षात त्यांची पाळी बदलते
साडेआठ-नवाच्या सुमारास.
माडाची झावळी हलत नाही,
नांगरल्या होड्यांना कळत नाही कुठे तोंड करावं.
तेवढाच वेळ.
वाऱ्यासाठी वाट करायची, ती वारा नसताना.

पाच सांधे, पाच सकाळी.
हेमराज दारात उभा, नजर होड्यांवर.
"मामा, बावटे पडले!"
मी काच खाली घ्यायचो, श्वास धरायचो,
थेंबावर अर्धा थेंब, पैशांची चळत कलंडावी तसे.
"मामा, हलला!"
की हात वर. सांधा अर्धा असला तरी.
तिसऱ्याला मी ऐकलं नाही. बोटभरच उरला होता.

तोंडाला तुतारीसारखा पसरट ओठ हवा होता.
भंगारात एक टोप सापडला, त्याचा पत्रा
लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकला.
टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आतल्या बाजूला गेलं:
भागीरथी रघुनाथ पालशेतकर, यांच्या स्मरणार्थ.
घासून काढता आलं असतं.

इंजिन सुरू केलं. सांध्यासांध्यापाशी अगरबत्ती नेली.
पहिल्याशी धूर सरळ वर. दुसऱ्याशी सरळ वर.
तिसऱ्याशी वाकला आणि आत गेला.
नौशादने बघितलं. मी बघितलं.
हेमराज मुद्दाम बंदराकडे बघत राहिला.

म्हणजे सहा सकाळी.

सातव्या दिवशी गाडी आसूदच्या चढाला लागली,
आणि इतका वेळ खोकणारं कुणीतरी
एकदम मोकळ्या गळ्याने बोलू लागलं.
मी बिलाची वही काढली. बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं: पाईप, एक नग.

हेमराज कढईतली रेती पुळणीवर ओतायला गेला,
तोवर खारा सुटला होता.
निम्मी त्याच्याच तोंडावर आली.